यादीच्या शेवटी एक शब्द

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आमच्या भागात 'यादी' हा शब्द आता शाळा-कचेऱ्यांपुरता उरला आहे. बाकी सगळीकडे 'लिस्ट'. किराण्याची लिस्ट, लग्नाच्या आमंत्रणांची लिस्ट, घरकुलाची लिस्ट. २०१७ च्या जूनमध्ये राज्य सरकारने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली, मग ऑनलाइन अर्ज भरून झाले आणि त्यानंतर 'ग्रीन लिस्ट' नावाची चीज यवतमाळ जिल्ह्याच्या गावागावांत बोलली जाऊ लागली. ज्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही असा म्हाताराही बँकेच्या पायरीवर बसून विचारायचा, "माहं नाव लिस्टीत आलं का?" आणखी एक यादी या जिल्ह्याच्या नावाला चिकटली आहे. १९ मार्च १९८६ रोजी चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी पत्नी आणि मुलांसह जीवन संपवलं. शेतकरी आत्महत्यांच्या यादीत पहिलं नाव त्यांचं धरतात. त्या यादीविषयी आज मी बोलणार नाही. पण आमच्याकडे यादी म्हटलं की ती मनात येतेच, म्हणून उल्लेख केला.

मला बोलायचं आहे ते संगणकातल्या यादीबद्दल, आणि तेही अगदी पहिल्या धड्याबद्दल. यादीत एक गोष्ट कशी वाढवायची, एवढाच तो धडा. हा धडा मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकलो. मी बी.ए. झालेला माणूस, दारव्ह्याच्या बाजूला एका शाळेत लिपिक, आणि मराठीत कविता करणारा. संगणक शाळेत आला तेव्हा मीही इतरांसारखाच एमएस-सीआयटी झालो, पगारपत्रकं भरायला शिकलो. पण यंत्राला आपण काही सांगावं आणि त्याने ते करावं, ही वाट माझी नव्हती. त्या वाटेला मी लागलो ते अम्मामुळे.

माझे वडील पिंजारी होते. खांद्यावर पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे, गाद्या-रजया भरून द्यायचे. नंतर मशीन आलं, पिंजण भिंतीला टांगलं गेलं, आणि पुढे वडीलही गेले. अम्मा राहिली. ती घरात दखनी बोलते आणि वावरात, बाजारात अस्सल वऱ्हाडी. कापूस तिच्या हातून दोन्ही टोकांनी गेला. दिवसा लोकांच्या वावरात वेचायची आणि रात्री वडिलांबरोबर गाद्या शिवायची. त्यामुळे कापसाचे शब्द तिच्याकडे जितके आहेत तितके मी एका ठिकाणी पाहिले नाहीत. झाड म्हणजे पऱ्हाटी. सरकी काढली की त्याच कापसाची रुई होते. किडीने, पावसाने खराब झालेला कापूस म्हणजे कवडी. सरकीचं तेल काढून उरते ती ढेप. वेचणीला वावरात पूजा होते ती सीतादही. पिंजणाला बांधतात ती तांत. सूत काढण्यासाठी वळतात तो पेळू. मग गादी, लोड, तक्क्या, रजई, आणि जुन्या लुगड्यांची वाकळ, जिला ती 'वाकय' म्हणते, कारण वऱ्हाडीत 'ळ'ला जागाच नाही. डोळ्याचा डोया होतो आणि केळ्याचं केय.

हे शब्द मी एका जुन्या डायरीत लिहून ठेवत होतो. कवितेला उपयोगी पडतील, हा मूळचा स्वार्थी विचार. लिहिता लिहिता तीनशेच्या वर गेले. कुठे काय लिहिलं ते सापडेना. एकच शब्द तीनदा आलेला. माझी धाकटी मुलगी अमरावतीला संगणकशास्त्र शिकते. दिवाळीच्या सुटीत तिने ती डायरी चाळली आणि म्हणाली, "अब्बा, हे वहीचं काम नाही. मी तुम्हाला पायथॉन शिकवते."

पायथॉन म्हणजे अजगर, पण या भाषेचा अजगराशी संबंध नाही. गीदो वान रॉसम नावाच्या डच माणसाने १९८९ च्या नाताळच्या सुटीत ती लिहायला घेतली आणि १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवली. नाव दिलं ते 'माँटी पायथॉन' या इंग्रजी विनोदी कार्यक्रमावरून. म्हणजे सुटीतलं काम आणि गमतीचं नाव. आज शाळकरी मुलांपासून शास्त्रज्ञांपर्यंत सगळे ती वापरतात. मला हे ऐकून जरा धीर आला.

पहिल्या दिवशी तिने मला रिकामी यादी करायला शिकवली. चौकटी कंस उघडायचा आणि लगेच बंद करायचा. आत काही नाही. डाव्या बाजूला यादीचं नाव लिहायचं आणि मध्ये बरोबरचं चिन्ह. मी नाव दिलं 'शब्द'. मग म्हणाली, "आता यात पहिला शब्द घाला." यादीचं नाव, पुढे टिंब, पुढे 'ॲपेंड', आणि गोल कंसात, अवतरणचिन्हांमध्ये, घालायचा तो शब्द. मी लिहिलं, सरकी. एंटर दाबलं. काहीच झालं नाही. यंत्र गप्प. मी म्हटलं, बिघडलं वाटतं. ती म्हणाली, "बिघडलं असतं तर बोललं असतं. गप्प आहे म्हणजे झालं." असे लोक माझ्या पाहण्यात आहेत.

ॲपेंड या शब्दाला मी लगेच मराठी शब्द शोधला. शोधावा लागलाच नाही. पुरवणी! परीक्षेत उत्तरपत्रिका भरली की मुलं हात वर करतात, पर्यवेक्षक येऊन पुरवणी देतो, ती मागे दोऱ्याने बांधायची. मूळ पानांना हात लागत नाही, वाढ होते ती शेवटी. दाते आणि कर्वे यांच्या मंडळाने 'महाराष्ट्र शब्दकोशा'चे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात काढले. राहून गेलेल्या शब्दांसाठी ते सातही खंड कोण पुन्हा छापणार? १९५० मध्ये पुरवणी विभाग काढला. तेही ॲपेंडच.

आणि माझ्या टेबलावर तीस वर्षांपासून तेच चाललं आहे. शाळेत दाखल-खारीज रजिस्टर असतं, त्याला आम्ही जनरल रजिस्टर म्हणतो. नवीन मूल आलं की त्याचं नाव शेवटच्या नोंदीखाली, पुढच्या क्रमांकावर. ते अग्रवाल असो की ज्ञानेश्वर, आमदाराचं असो की सालदाराचं, जागा शेवटचीच. मध्ये कोणाला घुसवता येत नाही. हजेरीपटाचं वेगळं. तिथे वर्षारंभी अक्षरांप्रमाणे नावं लावायची, आणि ऑगस्टमध्ये एखादं मूल बदलीने आलं की गुरुजींची पंचाईत. त्याला त्याच्या अक्षराच्या जागी घालायचं तर खालच्या सगळ्यांचे क्रमांक बदलतात. मग गुरुजी काय करतात? त्याला पटाच्या शेवटी टाकतात. वर्षभर ते पोर बिचारं शेवटच्या क्रमांकाचं.

पायथॉनमध्ये मध्येच घुसवायची सोय आहे, तिला 'इन्सर्ट' म्हणतात. कितव्या जागी घालायचं तो आकडा आधी सांगायचा, मग शब्द. पण ती महाग पडते. मुलीने मला एसटीचं उदाहरण दिलं. गाडी दारव्ह्याहून भरून निघाली. पहिल्या सीटवर कोणाला तरी बसवायचंच आहे, तर सगळ्या गाडीला एकेक सीट मागे सरकावं लागेल. मागच्या रिकाम्या सीटवर बसवलं तर कोणालाच हलावं लागत नाही. पायथॉन तर आणखी हुशार. यादी वाढायला लागली की ते मागे थोड्या सीटा आधीच रिकाम्या धरून ठेवतं, जेवढी माणसं आहेत त्यांच्या साधारण आठव्या हिश्श्याइतक्या. येणारे येतील हे गृहीत धरूनच. मला ही गोष्ट फार आवडली. आमच्या लग्नाच्या पंगतीत असा हिशेब करणारा आचारी मिळाला की यजमान निश्चिंत असतो.

'कितव्या जागी' म्हटलं, तर इथे एक चमत्कार सांगायला हवा. सरकी हा माझ्या यादीतला पहिला शब्द. त्याचा क्रमांक यंत्राने दाखवला शून्य! दुसरा शब्द, पऱ्हाटी, क्रमांक एक. लिपिकाच्या जिवाला हे झेपत नाही. माझ्या रजिस्टरला शून्य क्रमांकाचं मूल दाखवलं तर शिक्षण विभाग मला घरी बसवेल. पण एड्सखर डाइक्स्ट्रा नावाच्या डच गणितज्ञाने १९८२ मध्ये एक छोटं टिपण लिहून मोजणी शून्यापासून का करावी ते सांगितलं, अशी माहिती मुलीने दिली. मी तिला म्हटलं, डच माणसाला कशाला त्रास? तळमजल्यावर राहणाऱ्या माणसाला विचार. तो एकही जिना चढलेला नसतो. यादीतला आकडा म्हणजे सुरुवातीपासून किती घरं ओलांडली, एवढंच. पहिल्याने एकही ओलांडलेलं नाही. हे एकदा डोक्यात बसलं की भांडण मिटतं.

मुलगी अमरावतीला परत गेली आणि मी एकट्याने उद्योग सुरू केला. मुंबईच्या आयआयटीचा 'स्पोकन ट्यूटोरियल' नावाचा उपक्रम आहे. त्यात संगणकाचे छोटे छोटे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. माझ्यासारख्या रेडिओवर वाढलेल्या माणसाला ऐकून शिकणं सोयीचं.

आता चुका सांगतो, कारण या विषयात शिकायचं जे काही आहे ते चुकांमध्येच आहे.

पहिली चूक. मला वाटलं, एकेक शब्द कशाला, एकदम घालावेत. तशी सोय आहे, तिला 'एक्सटेंड' म्हणतात. ॲपेंड काय करतं, तर तुम्ही गाठोडं दिलं तर गाठोडं तसंच बांधलेलं यादीत ठेवतं, एक नग म्हणून. एक्सटेंड गाठोड्याची गाठ सोडतं आणि आतले कपडे एकेक करून मांडतं. मी एक्सटेंडला नुसता एक शब्द दिला, 'सरकी'. त्याने त्या शब्दाचंच गाठोडं समजून ते सोडलं. यादीत चार नग आले. स, र, क, आणि चौथी नुसती दीर्घ वेलांटी, कोणाच्याही डोक्यावर नसलेली, एकटीच लटकणारी. मी त्या वेलांटीकडे बराच वेळ बघत राहिलो. पन्नास वर्षं मी अक्षरं लिहितो आहे, पण क आणि वेलांटी ही दोन वेगळी माणसं आहेत हे मला त्या दिवशी कळलं. यंत्रात ती वेगळीच साठवलेली असतात. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीला स्वतंत्र क्रमांक आहे. म्हणूनच आज माझा शब्द कोणाच्याही फोनवर तसाच दिसतो. माझा पहिला संग्रह त्याआधीच्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळवला होता. त्याची फाइल आज उघडली तर कवितांच्या जागी कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरं भांडताना दिसतात.

अक्षरांवरून आठवलं. याद्या शेवटी वाढवायच्या आणि मग एकदाच अक्षरवारी लावायच्या, ही संगणकाची रीत. मोल्सवर्थ साहेबाला ती मुभा नव्हती. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ ला दुसरी आवृत्ती आली, साठ हजारांच्या घरातल्या शब्दांची. त्याच्या हाताखालच्या शास्त्र्यांनी चिठ्ठ्या मध्ये सरकवत किती रात्री जागवल्या असतील! मी तर एक शब्द लिहिला, 'सॉर्ट', आणि तीनशे शब्द पापणी लवायच्या आत रांगेत उभे राहिले. फक्त एक गंमत झाली. आपल्या वर्णमालेत 'ळ' शेवटी, 'ह'च्या नंतर. युनिकोडच्या क्रमांकात तो 'ल'च्या शेजारी, 'व'च्या आधी. अम्माला सांगितलं असतं तर म्हणाली असती, ज्या अक्षराची आपल्याला गरजच नाही त्याचं भांडण कशाला.

दुसरी चूक सगळे नवशिके करतात म्हणे. मी लिहिलं, शब्द बरोबर शब्द टिंब ॲपेंड. म्हणजे माझ्या मते, 'शब्द' या यादीत नवीन भर घाल आणि ती वाढलेली यादी पुन्हा 'शब्द' या नावाने ठेव. साधी सरळ गोष्ट. पण मघाशी सांगितलं तसं ॲपेंड गप्प काम करणारा माणूस आहे. काम करतो, हातात काही देत नाही. मी त्याच्या रिकाम्या हाताला 'शब्द' असं नाव दिलं. यादी विचारली तर उत्तर आलं, 'नन'. काहीही नाही. सुदैवाने ती फाइलमध्ये ठेवलेली होती, पुन्हा उघडता आली. मुलगी फोनवर हसत होती.

तिसऱ्या चुकीला ती हसली नाही.

डायरीतले शब्द यादीत उतरवून झाल्यावर मी डायरी बंद केली होती. अम्माजवळ रोज संध्याकाळी बसायचो, गप्पा मारायचो, आणि निघालेला शब्द थेट संगणकावर घालायचो. वही-पेनाची कटकट नको. असे त्रेचाळीस शब्द महिन्याभरात जमले, आणि ते तीनशेंपेक्षा चांगले होते. कारण मी आता प्रश्न विचारायला शिकलो होतो. पिंजताना तांतीचा आवाज बदलला तर काय म्हणायचात? गादीच्या कोपऱ्यात रुई कमी पडली तर? ती आधी म्हणायची, "काय को लिखता रे ये सब?" आणि मग सांगायची.

त्याच सुमारास यवतमाळला काही मित्रांसमोर या शब्दांविषयी बोलायचं ठरलं. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतर असे कार्यक्रम वाढले आहेत. मला तीनशे शब्द वाचायचे नव्हते, निवडक वीस हवे होते. मी शहाण्यासारखा विचार केला की मूळ यादीला हात लावू नये, तिची नक्कल करावी. म्हणून लिहिलं, नक्कल बरोबर शब्द. आणि मग 'नक्कल'मधून एकेक शब्द काढत गेलो. वीस उरले. समाधानाने फाइल ठेवली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी 'शब्द' उघडली, तर तिच्यातही वीसच.

झालं होतं ते असं. बरोबरचं चिन्ह लिहून मी नवी यादी केलीच नव्हती. त्याच यादीला दुसरं नाव दिलं होतं. हे कवीला तरी समजायला हवं होतं. आम्हा लोकांत तखल्लुस असतं. माणिक गोडघाटे आणि ग्रेस ही दोन माणसं नव्हेत. ग्रेसना ताप आला म्हणजे गोडघाटेंना आला. नक्कल हवी असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं, यादीच्या नावापुढे टिंब देऊन 'कॉपी' लिहावं लागतं. हे त्या धड्यांमध्ये होतं. मी तो धडा ऐकला नव्हता.

डायरीतले शब्द डायरीत होते, ते पुन्हा भरले. त्रेचाळीसांपैकी सहा त्या निवडक विसांत होते म्हणून वाचले. सदतीस गेले. आणि यादीचा स्वभाव असा की काहीतरी गेल्याची खूण ती ठेवत नाही. मधला शब्द काढला की मागचे पुढे सरकतात, क्रमांक सलग लागतात, लांबी विचारली तर उरलेली लांबी बिनदिक्कत सांगते. माझ्या रजिस्टरमध्ये असं होत नाही. मूल शाळा सोडून गेलं तरी त्याची ओळ खोडत नाहीत. सोडल्याची तारीख लिहायची आणि शेऱ्यात कारण. साठ वर्षांपूर्वी तिसरीतून वेचणीला गेलेली पोरगी आजही आपल्या क्रमांकावर उभी आहे. तिचा नातू दाखल्यासाठी येतो तेव्हा सापडते.

मी पुन्हा अम्माजवळ बसलो. पण दरम्यानच्या महिन्यांत तिचं विसरणं वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, या दुखण्यात आधी अलीकडचं जातं, जुनं बराच काळ टिकतं. पायथॉनमध्ये 'पॉप' नावाची क्रिया आहे. जागा सांगितली नाही तर ती यादीतली शेवटची गोष्ट काढून घेते. सकाळी काय खाल्लं ते अम्माला सांगता येत नव्हतं, आणि तिशीत शिवलेल्या गादीचं माप ती हाताने दाखवत होती. म्हणून मला आशा होती, आणि ती बरीचशी खरी ठरली. सदतीसांपैकी एकोणीस शब्द तिच्याकडून परत आले. काही विचारून आले. काही विचारून आले नाहीत आणि भलत्याच वेळी आले, भाजी निवडताना, नमाजच्या आधी हातपाय धुताना. सात मला माझेच आठवले, किंवा बाजारातल्या म्हाताऱ्या गादीवाल्याने सांगितले. अकरा राहिले.

त्यातला एक मला छळतो. पिंजताना रुईचे बारीक तंतू उडतात आणि पिंजाऱ्याच्या भुवयांवर, पापण्यांवर बसतात. वडील संध्याकाळी घरी यायचे तेव्हा एकदम म्हातारे दिसायचे आणि तोंड धुतलं की पुन्हा तरुण. त्या तंतूंना अम्माने एक शब्द सांगितला होता. मी तो ॲपेंड करताना हसलो होतो, इतका तो नेमका होता. हसलो ते आठवतं. शब्द आठवत नाही. अम्माला विचारलं तर म्हणाली, "मेरे को कैसा मालूम? मैंने कब पिंजा?"

मुलगी सुटीत आली तेव्हा मी तिला यादीची मांडणी बदलायला लावली. आता यादीतला प्रत्येक नग म्हणजे एक छोटं गाठोडं आहे, यादीतली यादी. त्यात शब्द, अर्थ, सांगितल्याची तारीख आणि शेरा, आमच्या रजिस्टरच्या रकान्यांसारखं. शेवटी वाढवायचं ते ॲपेंडनेच, म्हणजे गाठ सुटत नाही. काढून टाकायची सोय तिने कार्यक्रमात ठेवलीच नाही. चुकीचा शब्द आला तर शेऱ्यात 'चूक' लिहायचं. रोज रात्री आपोआप खरी नक्कल होते, वेगळ्या नावाच्या फाइलमध्ये. तिने मला विचारलं, "अब्बा, त्या अकरांचं काय करायचं?" मी म्हटलं, त्यांनाही क्रमांक दे. शब्दाच्या जागी काय लिहायचं? तिने अवतरणचिन्हं उघडली आणि मध्ये काही न लिहिता बंद केली. यंत्राने ते मान्य केलं. रिकामा शब्द हासुद्धा त्याच्या लेखी एक नग असतो, लांबीत मोजला जातो. अर्थाच्या रकान्यात मी लिहिलं, पिंजाऱ्याच्या भुवयांवर बसणारी रुई. शेरा, विचारणे चालू.

मागच्या महिन्यात नागपूरहून एक नातेवाईक आले होते. अम्माच्या पलंगाशी बसून त्यांनी मोठ्याने विचारलं, "चाची, उमर किती झाली?" अम्माने हिशेब करायचा प्रयत्न केला, तो जमेना. मग म्हणाली, "अब क्या उमर. फरदड हूँ मैं."

कापसाचा हंगाम संपला की पऱ्हाटी उपटून वावर मोकळं करतात. काही जण उपटत नाहीत. पाणी असलं तर तीच झाडं आणखी दोन-तीन महिने ठेवतात, आणखी थोडी बोंडं येतात. ती फरदड. बोंडअळी वाढते म्हणून ती ठेवू नका असं कृषी खातं दरवर्षी सांगतं आणि लोक दरवर्षी ठेवतात. इतका रोजचा शब्द की तो मी लिहिलाच नव्हता. पाहुणे गेल्यावर यादीत शोधून पाहिला. नव्हता. त्या अकरांपैकीही तो नव्हता. शेवटच्या नोंदीखाली घातला, तारीख टाकली, अर्थ लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, स्वतःविषयी बोलताना.